जुन्या इस्राएलातले दास-दासींचे कायदे: ऑनलाईन कोर्स घेण्यासारखा आहे का?

बायबलातल्या गुलामांच्या कायद्यांचा विषय निघाला की एक जण म्हणतो किती दयाळू कायदे, दुसरा म्हणतो निव्वळ क्रौर्य, आणि दोघंही आपल्या सोयीच्या तेवढ्याच ओळी दाखवतात. हा रेकॉर्डेड कोर्स मला आवडला तो यासाठी की सर बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाचा 21 वा अध्याय पूर्ण घेतात, काहीच गाळत नाहीत. हिब्रू दास सहा वर्षं राबला की सातव्या वर्षी काही न देता सुटणार, मालकाने त्याचा डोळा फोडला किंवा नुसता दात पाडला तरी त्याला मोकळं सोडायचं, आणि त्याच अध्यायात हेही आहे की मार खाऊन दास एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण तो त्याचंच धन. ही ओळ सरांनी जशीच्या तशी वाचली, सारवासारव अजिबात नाही, खरंच मानलं.

सगळ्यात भारी लेक्चर बाबेलचा (बॅबिलोनचा) प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यांशी तुलनेचं. तिकडे पळालेला गुलाम घरात लपवला तर मरणाची शिक्षा, आणि बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 23 वा अध्याय म्हणतो त्याला मालकाच्या हवाली करूच नका, त्याला आवडेल त्या गावात राहू द्या! पण कर्जापायी दिलेली बायकामुलं हम्मुराबी चौथ्या वर्षी सोडायला सांगतो, म्हणजे मुदतीच्या बाबतीत तोच उदार, हेही सर प्रामाणिकपणे सांगतात. बायबलातल्याच 'लेवीय' पुस्तकाच्या 25 व्या अध्यायातले परके गुलाम तर पोराबाळांना वारशाने देता यायचे, तो भाग ऐकताना त्रास होतो पण ऐकाच.

कायदा पाळला जायचा का, यावर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 34 वा अध्याय घेतलाय. बाबेलचं सैन्य यरुशलेमवर चालून आलेलं असताना सिद्कीया राजाने करार करून दास-दासी सोडायला लावले, आणि सैन्य जरा मागे हटल्यावर मालकांनी त्याच दास-दासींना परत धरून आणलं. हा भाग मी दोनदा ऐकला.

खटकलं ते बायकांबद्दल. निर्गममध्ये बापाने विकलेली मुलगी पुरुष दासांसारखी सुटत नाही, अनुवाद 15 मध्ये मात्र हिब्रू बाईलाही सातव्या वर्षी सोडायचं, वर कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं भरभरून द्यायचं, मग हा फरक का, यावर दोन वाक्यं आणि पुढचा विषय. एवढ्या महत्त्वाच्या मुद्द्याला वेगळं लेक्चर हवंच होतं, म्हणून पाचपैकी चार स्टार. घेणार असाल तर बायबल उघडं ठेवूनच ऐका, सर अध्याय-वचनं फटाफट सांगत जातात.