आधी कान, मग पाना: एमजीबीच्या गिअरबॉक्सवाल्यांचा अनुभव

माझ्याकडे एमजीबी आहे, एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. गणपतीच्या जेवणात दोघातिघांनी विचारलं, "गिअरबॉक्स कुणाकडे केलास रे?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. निकाल आधी देतो: पाचपैकी चार तारे. कापलेला तारा वेळेसाठी आहे, कामासाठी नाही.

वर्कशॉपचं नाव-पत्ता देत नाही, कारण मालकांनी तशी अटच घातली. कामं तुंबलीत, आणखी फोन नकोत म्हणतात. इंग्लंडच्या मध्यभागात, मिडलँड्समध्ये, एमजीवाल्यांच्या कुठल्याही बैठकीत "गिअरबॉक्सवाले बापलेक" म्हणून विचारलंत तरी कळेल. बाप सत्तरीचा, लेक चाळिशीची. ओव्हरड्राइव्हचं (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी, बॉक्समागची जादा जोडणी) सगळं ती बघते आणि त्यात बापाला बोलू देत नाही.

माझी गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर. क्रोमचा बंपर, १७९८ सीसीचं इंजिन, चारही गिअरना सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवून देणारी रचना) असलेला बॉक्स आणि त्याच्या शेपटीला लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पहिल्या गिअरला सिंक्रो नसे. त्या गाडीवाल्यांनी पुढचं वाचताना एवढा फरक लक्षात ठेवावा. दुखणी अशी: न्यूट्रलमध्ये उभी असली की खालून घरघर, क्लच दाबला की बंद. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात गाडी ओढायला लागली की तीच घरघर जोरात. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना कर्रर्र. रिव्हर्स टाकताना तर पार्किंगमधली माणसं वळून बघायची. आणि ओव्हरड्राइव्ह मनात येईल तेव्हा लागणार, मनात येईल तेव्हा सुटणार.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी फोन केला होता. त्यांनी वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं, बॉक्स बदलून टाका, जुना आम्हाला द्या, तयार केलेला घेऊन जा. गाडी बघायचीही गरज त्यांना वाटली नाही. या बापलेकांकडे फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "चौथ्यात आवाज जातो का?" मी म्हटलं, जातो. "मग या घेऊन."

हा प्रश्न का विचारला ते गाडी नेल्यावर कळलं, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तो खिशात ठेवावा. चौथा गिअर थेट असतो. इंजिनकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट एकमेकांत अडकून एकत्र फिरतात, ताकद सरळ मागे जाते. खालचा लेशाफ्ट, म्हणजे गिअरांना जोडणारा दुसरा शाफ्ट, तेव्हाही फिरत असतो, पण त्याच्यावर भार नसतो. बाकीच्या तीन गिअरांत सगळी ताकद लेशाफ्टवरून वळसा घेऊन जाते. म्हणून तीन गिअरांत आवाज आणि चौथ्यात शांत असेल, तर संशय लेशाफ्ट आणि त्याच्या नीडल (बारीक सुयांच्या) बेअरिंगवर. चारही गिअरांत सारखाच आवाज असेल तर बॉक्समधली बाकीची बेअरिंगं, नाहीतर थेट मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) बघायचा. क्लच दाबल्यावर न्यूट्रलमधली घरघर थांबते, त्याचंही कारण साधं आहे: क्लच दाबला की पुढचा शाफ्ट आणि लेशाफ्ट दोन्ही थांबतात.

गाडी आत घेतल्यावर मला वाटलं, आता जॅकवर चढवणार. तसं काही नाही. म्हाताऱ्याने गालिचा उचलला, टनेलवरचं (दोन सीटांमधल्या उंचवट्यावरचं) रबरी बूच काढलं आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक बाहेर ओढली. या वर्षांच्या एमजीबीत ती गाडीच्या आतून काढावी लागते, आणि हे माहीत नसल्याने कित्येक गाड्या ऑइलवाचून मेल्यात. त्याने पट्टी नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. गंधकाचा उग्र वास. आधीच्या मालकाने गिअरबॉक्स म्हणजे गिअर ऑइल, असा हिशोब करून डिफरन्शियलचं ऑइल ओतलेलं. एमजीबीच्या बॉक्सला इंजिनाचंच २०डब्ल्यू५० दर्जाचं ऑइल लागतं आणि तेच ऑइल ओव्हरड्राइव्हमध्येही फिरतं. जास्त दाबाच्या गिअर ऑइलमध्ये जे गंधकाचं मिश्रण असतं ते सिंक्रोच्या पिवळ्या धातूच्या रिंगांना मानवत नाही. शिवाय त्या रिंगा घासून, पकड घेऊनच गिअरचा वेग जुळवतात. ऑइलच फार निसरडं असेल तर पकड कसली घेणार?

मग रिव्हर्स. इंजिन चालू, म्हाताऱ्याने क्लच पूर्ण दाबून ठेवला, तसाच थोडा वेळ थांबला, मग रिव्हर्स टाकला. कर्रर्र. रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, पण क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात आतली चक्रं थांबायला हवीत. थांबत नाहीत म्हणजे क्लच ओढतोय, पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्सचा यात काही दोष नाही. लेकीला खाली घालून स्लेव्ह सिलिंडरच्या (खाली क्लच ढकलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या) दांडीची चाल मोजायला सांगितली. साधारण अर्धा इंच हवी, होती बरीच कमी. नंतर टॉर्च घेऊन तो स्वतः पेडलखाली डोकं घालून पडला आणि एक पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. पेडल आणि मास्टर सिलिंडरची (पेडलजवळच्या, दाब तयार करणाऱ्या सिलिंडरची) दांडी जोडणारी क्लेव्हिस पिन. गोल असायला हवी, ती मधोमध झिजून कंबर आल्यासारखी झालेली, आणि पेडलमधलं भोक लांबट. पेडलची चाल इथेच वाया जात होती. नवी पिन, भोक भरून नीट गोल केलं, आणि बॉक्स उघडण्याच्या आधीच रिव्हर्स गुपचूप पडायला लागला. या कामाचे पैसे बिलात शोधावे लागतील इतके कमी आहेत.

ओव्हरड्राइव्हची तपासणी लेकीने केली, तीही गाडी उभी ठेवूनच. इंजिन बंद, चावी चालू, चौथा गिअर, ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू. खालून सोलेनॉइडची (ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विजेच्या चुंबकाची) 'टक्' यायला हवी. आली. मग तिने गिअरची दांडी हलकेच मागेपुढे हलवली आणि टक्-टक्-टक् सुरू झालं. आतलं हायड्रॉलिक बरं आहे, बॉक्सवरचा इन्हिबिटर स्विच आणि त्याची वायर गेली, असं तिने तिथेच सांगितलं. हा स्विच फक्त तिसऱ्या आणि चौथ्यात ओव्हरड्राइव्हला वीज जाऊ देतो, आणि तो महत्त्वाचा आहे. ओव्हरड्राइव्ह लागलेल्या अवस्थेत रिव्हर्स घेतला तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच फुटतो. तेव्हा ओव्हरड्राइव्ह सुटत नाहीये अशी शंका आली तर गाडी मागे घेऊ नका. ढकला, टो करा, पण पुढच्याच दिशेने; मागे नको.

ओव्हरड्राइव्हशिवाय चालवा की, असंही एका मित्राने सुचवलं होतं. त्याने एमजीबी मोटरवेवर नेलेली नाही. ताशी ७० मैलांना चौथ्यात इंजिन मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत असतं. ओव्हरड्राइव्ह लावला की ते ३२०० ला येतं आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं.

म्हणजे चार दुखण्यांपैकी दोनच खऱ्या अर्थाने बॉक्सच्या पोटातली: लेशाफ्ट आणि सिंक्रो. पण त्यांच्यासाठी बॉक्स उतरवणं भाग होतं, आणि एमजीबीत नुसता बॉक्स उतरत नाही. त्यासाठी इंजिनही पुढून वर काढावं लागतं, बहुतेक वेळा दोन्ही जोडीनेच. खर्चाचा मोठा हिस्सा इथेच जातो. म्हणून इंजिन बाहेर आलंच आहे तर क्लच आणि मागचं ऑइल सील नवं टाकून घ्यायचं, यावर माझा वाद नव्हता.

बॉक्स उघडायच्या दिवशी या म्हणून त्यांनी आवर्जून बोलावलं. हे मला सगळ्यात आवडलं. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात मामाच्या लेथवर सुट्ट्या गेल्या, त्यामुळे लोखंड हातात घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही. लेशाफ्ट पुसून उजेडाखाली धरला. बाकी सगळीकडे आरसा, आणि जिथे बेअरिंगच्या सुया फिरतात तिथे एका बाजूला वरचा कडक थर खवले निघाल्यासारखा उडालेला. नखाला लागत होतं. उडालेली भुकटी ऑइलबरोबर फिरून सगळीकडे गेलेली. ड्रेन केलेल्या ऑइलात लोहचुंबक फिरवला तर त्याला राखाडी दाढी आली.

सिंक्रोच्या रिंगांचा प्रकार त्याहून बघण्यासारखा. जुनी रिंग गिअरच्या कोनावर (निमुळत्या शंकूवर) दाबली तर ती थेट तळाला टेकत होती, मध्ये फट म्हणून नाही. नव्या रिंगांची पिशवी उघडून म्हातारा एकेक कोनावर बसवून, दाबून फिरवून, चारी बाजूंनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघत होता. एकीकडे फट जास्त, दुसरीकडे कमी, की रिंग बाजूला. नव्याच रिंगा! एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनत होत्या, त्यामुळे सुटे भाग हवे तेवढे मिळतात. पण आज बनणारा प्रत्येक भाग त्या मापाचा असतोच असं नाही, हे त्याचं रडगाणं. नव्या लेशाफ्टचं कडकपणही तो बसवण्याआधी तपासतो. पार्सलमधून आलेला भाग तसाच बसवणारे आणि हे, यांच्या दरात फरक का आहे ते या टेबलाशी उभं राहिल्यावर समजतं.

बिल सगळं मिळून दोन हजार पौंडांच्या थोडं आत आलं. स्वस्त नाही. पण बिलाबरोबर जुने भाग एका डब्यात घालून दिले, आणि कुठला भाग का बदलला हे लेकीच्या अक्षरात लिहिलेला कागद.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळायची असते हे या घराण्याला मान्य नाही. "पुढच्या मंगळवारी" हे शब्द मी इतक्यांदा ऐकले की शेवटी कुठला मंगळवार ते विचारायला लागलो. लेखी अंदाज आधी देत नाहीत. मागितला तर म्हातारा दुखावल्यासारखा बघतो. बसायला जागा नाही, जानेवारीत गेलात तर दोन स्वेटर घाला. गाडी परत आली तेव्हा फिकट गालिच्यावर काळ्या बोटांचे ठसे होते, आणि रिव्हर्सचा मागचा पांढरा दिवा लागत नव्हता. बॉक्स बसवताना त्याची वायर चेमटली होती. ती विनातक्रार करून दिली, पण पुन्हा मंगळवारीच.

चालवायला गाडी आता कशी? दुसरा दोन बोटांनी पडतो. तिसऱ्यात घरघर नाही; थोडी शिट्टी आहे, ती या बॉक्सची मूळचीच, तिच्यामागे लागू नका असं बजावलंय. सिग्नलला क्लच दाबून बसायची सवय मात्र मोडायला लावली. एमजीबीचं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचवर टेकणारं) कार्बनचं असतं, दाबून ठेवलं की तेवढं झिजत जातं. सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढायचा.

पुण्या-मुंबईकडे कुणाची एमजीबी असेल तर अख्खा बॉक्स इकडे पाठवायच्या भानगडीत पडू नये. डिपस्टिकचा वास, क्लेव्हिस पिन आणि चौथ्या गिअरचा प्रश्न, एवढं तिथला कुठलाही चांगला मेस्त्री करून बघू शकतो. इकडे राहणाऱ्यांनी मात्र हंगाम संपता संपता, ऑक्टोबरात गाडी सोडावी आणि उन्हाळ्याआधी मिळाली तर आनंद मानावा. पहिले पाचशे मैल झाले की ऑइल बदलायला बोलावतात. मजुरी घेत नाहीत, २०डब्ल्यू५० चा डबा मात्र आपला आपण न्यायचा.