आडोशासाठी जुना माल: पॅलेटची फळी चांगली, पण खांब द्राक्षबागेचाच

रो-हाऊसच्या अंगणात शेजारच्या खिडकीसमोर आडोसा करायचा, तर नाशिकात दोन प्रकारचा जुना माल सहज मिळतो. अंबड-सातपूर एमआयडीसीत यंत्रांच्या पॅकिंगमधून निघालेली पाइनची पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटी, आणि काढून टाकलेल्या द्राक्षबागांचे लोखंडी अँगल. दोन्ही घेण्यासारखे आहेत, फक्त एकाचं काम दुसऱ्याला सांगू नये. पॅलेटचं लाकूड जमिनीत गाडलं की वाळवी त्याला शोधत येते.

आधी पॅलेट. लाकडावरचा शिक्का बघा. एचटी (HT) म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवलेलं. यात आतली कीड मरते, पुढे वाळवी लागणार नाही याची हमी मात्र त्यात नाही. एमबी (MB) म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरी आणू नये. देशी पॅलेटवर शिक्का नसतोच. तिथे तेलाचे, रसायनाचे डाग आणि वास यावरून ठरवा.

काही गोदामांत मोकळ्या फळ्या मिळतात. दिसायला सोयीचा माल, पण पहारीने उचकटलेला असल्याने टोकं फाटलेली असतात. पॅलेटचे खिळे पीळदार असतात, ते सरळ निघत नाहीत, फळी फुटते. त्यामुळे आख्खी पॅलेट घेऊन फळी आणि खालचा ठोकळा यांच्या फटीत करवतीचं लोखंड कापणारं पातं घालून खिळाच कापावा. खिळ्याचा तुकडा फळीत राहतो, म्हणून रंधा मारण्याआधी चुंबक फिरवा, नाहीतर पात्याची धार गेलीच. सुमारे 4 फुटांच्या फळीतून टोकं छाटून साडेतीन फूट हाती लागतात. खांबांचं अंतर त्यावरूनच ठरवायचं.

फळ्या वजनावर असतील तर पावसाळ्यात घेऊ नका. भिजलेलं पाइन म्हणजे पाण्याचे पैसे.

आता अँगल, म्हणजे या खरेदीतला खरा फायदा. 40 बाय 40 मिलिमीटर, 5 मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला 3 किलो भरतो. लांबी मोजून वजन काढा आणि काट्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. हिशेबापेक्षा बराच हलका भरला तर लोखंड गंजाने खाल्लेलं आहे. बागेतला अँगल मातीच्या रेषेवर सगळ्यात जास्त झिजतो, कारण ओल आणि हवा तिथे एकत्र भेटतात. तो भाग कापून टाका, किंवा लांबी पुरत नसेल तर अँगल उलटा करून झिजलेलं टोक वर घ्या. अंगावर निळसर पांढरी पुटं दिसली तर ती बोर्डो मिश्रणाची, म्हणजे द्राक्षावर फवारतात त्या मोरचूद-चुन्याच्या औषधाची. त्यातलं तांबं लोखंडाचा गंज वाढवतं, म्हणून तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच रेड ऑक्साइड प्राइमर मारा.

7 फूट रुंद, 6 फूट उंच आडोशाला तीन खांब लागतात. मधल्या खांबाला दोन अँगल पाठीला पाठ लावून वेल्ड करा. एकाच अँगलवर दोन फळ्यांची टोकं आली तर प्रत्येकीला 2 सेंटिमीटर जागा मिळते आणि बोल्टपाशी फळी चिरते. म्हणजे 8 फूट 4 इंचांचे चार अँगल झाले. शिवाय प्रत्येक खांबाला मागून तिरका टेका हवा, तो 4 फूट उंचीवर जोडून खाली फूटभर गाडायचा. सगळं मिळून सुमारे 46 किलो. वेल्डर टेका वाचवायला सांगेल, ऐकू नका. पावसाआधीच्या वादळात नुसता अँगल बुडाशी वाकतो.

खड्डा 2 फूट खोल, काँक्रीट 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी), आणि वरचं तोंड खांबापासून उतरतं ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. काळी माती फुगते-आक्रसते, तिथे मुरूम लागेपर्यंत खणणं बरं.

साडेतीन इंची फळी आणि अर्धा इंच फट धरली तर दोन खांबांमधल्या एका गाळ्यात 18, दोन्हींत 36 फळ्या बसतात. पॅलेटमागे सात-आठ धड निघतात, म्हणून पाच पुरतील, सहा घ्या. फट बुजवायचा मोह टाळा: वारा तिथून जातो आणि पावसात फुगणाऱ्या फळीला जागा मिळते. तिरक्या नजरेला पलीकडचं काही दिसत नाही. सर्वांत खालची फळी जमिनीपासून 3 इंच वर. 6 मिलिमीटर जाडीचे, 40 मिलिमीटर लांबीचे जस्ती बोल्ट वायसरसह, फळीच्या टोकाला एक, असे 72.

रंगाचं काम बोल्ट लावण्याआधी, आणि कापलेल्या टोकांना दोन हात जास्त, कारण लाकूड पाणी तिथूनच पितं. ऑइलपेंटची पापडी सुटते, लाकडात मुरणारा वूड स्टेन बरा. जवसाच्या कच्च्या तेलावर पावसाळ्यात बुरशी धरते. गॅरेजचं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण ते कपड्यांना लागतं आणि त्यावर नंतर कुठलाच रंग धरत नाही.

गच्चीसाठी हा आराखडा वापरू नका. तिथे वारा जास्त, आणि स्लॅबला भोक पाडलं तर वॉटरप्रूफिंग गेलं.

अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातली अनधिकृत गोदामं महापालिकेने 2017 मध्ये पाडली होती. जुन्या पत्त्यावर भरवसा ठेवून टेम्पो ठरवू नका, आधी जाऊन माल बघा. जुन्या वाड्यांचं सागवान कोणी दाखवलं तर माल नक्कीच सरस, पण आडोशाच्या पट्ट्यांसाठी ते चिरणं म्हणजे नासाडी. शेडनेटचं जुनं कापड फुकट मिळालं तरी घडी घालून बघा. घडीवर तडकलं तर उन्हाने संपलेलं आहे.