बेळगावच्या अनगोळ भागातली पोरांची कुस्तीची तालीम, दहा महिन्यांनंतर

पोरगं वर्गात सगळ्यात बुटकं म्हणून आधी दुसऱ्या एका क्लासला घातलेलं, तिथं रोज दांड्याला लोंबकळलं की उंची वाढते म्हणून सांगितलं आणि वर पावडरचा डबा गळ्यात मारला, चार महिने आणि पैसे दोन्ही गेले. मग शेजारच्या काकांनी ही तालीम सांगितली. तेव्हा पोरगं साडेबारा वर्षाचं.

वस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले, "उंचीची गॅरंटी देत नाही बघा, ती आईबापाकडनं येती. हाडं आन् दम पक्का करून देतो." तिथंच मन बसलं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे कुस्तीची जोड वयावर नाही, अंगाच्या वाढीवर लावतात. मुली साधारण 12 व्या आणि मुलं 14 व्या वर्षाच्या आसपास भराभर उंच होतात खरं, पण कुणाचं वर्ष दोन वर्ष आधी, कुणाचं नंतर, त्यामुळं एकाच बाकावर एकाला मिशी फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजपण फुटलेला नसतो. आमच्याला त्या मिशीवाल्यासमोर उभं केलं असतं तर आठवड्यात घरी बसला असता की.

दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्याला खडूनं उंचीची रेघ मारतात. एका खेपेला आमच्याची रेघ जवळजवळ अडीच सेंटीमीटर वर सरकली आणि त्याच दिवसात गुडघ्याखाली दुखायला लागलं. वस्तादांनी लगेच उड्या आणि बैठका बंद करून दाखवून यायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात गुडघ्याखालच्या हाडावर ताण येतो, थोडं कमी करा, घाबरू नका. आता परत जोर मारायलाय, भाकरी दोनच्या चार झाल्यात.

पावसाळ्यात मात्र पत्रा गळतो आणि माती भिजून जाते, तेवढे दिवस सुट्टी.

आणि मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली नाही, म्हणून माझी पुतणी दोन महिन्यात सोडून गेली. हे फार लागलं मनाला, कारण मोठेपणीच्या हाडातल्या खनिजाचा जवळपास चौथा हिस्सा उंची जोरात वाढते त्या दोनच वर्षात भरतो, आणि पळणं, उड्या मारणं याच वयात मुलींचं बंद होतं. रोज 60 मिनिटं अंग हलायला पाहिजे हे मुलींनापण तेवढंच लागू आहे. वस्तादांना दोनदा बोललोय, मागच्या बाजूला आडोसा बांधतो म्हणालेत. बांधला की पुतणीला परत घेऊन जाणार.