कोकणात राहून पीएच.डी.: गाइड जवळचा, मुंबईचा की दोघांची जोडी?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पीएच.डी.ला बसणाऱ्यांत मोठा भरणा नोकरदारांचा. त्यांची पहिली अडचण विषयाची नसते, गाइडची असते. जवळच्या महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात मान्यताप्राप्त सर आहेत, पण नेमका हा विषय त्यांचा नाही. विषयातल्या जाणकार मॅडम मुंबईत आहेत, पण प्रत्येक भेट म्हणजे तुतारी एक्स्प्रेसमधली एक रात्र आणि एक रजा. तिसरी वाट म्हणजे मॅडम गाइड आणि इथले सर सहमार्गदर्शक. तिन्ही पर्याय नियमात बसतात. निवड मात्र गाइडच्या नावलौकिकावरून करू नये. तुमची माहिती कुठे आणि कुठल्या महिन्यांत गोळा होणार आहे, ते आधी पाहावं.

हंगामी विषयाला जवळचा डोळा

हापूसचा मोहोर ढोबळमानाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलैत प्रवेश घेतला, कोर्सवर्क उरकलं आणि सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर व्हायला फेब्रुवारी उजाडला, तर तो हंगाम गेलाच. त्यात हापूस वर्षाआड फळणारा, म्हणजे एका हंगामाच्या आकड्यांवर काही ठरत नाही. सलग दोन हंगाम हवेतच, तीन मिळाले तर उत्तम. मासळीवर काम असेल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, बंदरावरच्या नोंदी थांबतात. तेवढे दोन महिने लेखनाला राखून ठेवावेत. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, वनस्पती पावसाळ्यात येतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात बहुतेक वाळून जातात. कातळशिल्पांचं उलटं: पावसात त्यांच्यावर गवत माजतं, नोंदी घ्यायच्या त्या कोरड्या दिवसांत. दशावतार तर तुळशीच्या लग्नानंतर जत्रांबरोबर रंगतो, आणि तोही रात्री.

असा विषय असेल तर जवळचा गाइड किंवा निदान जवळचा सहमार्गदर्शक घ्या, असं आम्ही सरळ सांगतो. कारण साधं आहे. चूक एक्सेल शीटमध्ये दिसत नाही, ती वहीत असते. मोहोर मोजायच्या फांद्यांना सुतळीने कागदी चिठ्ठ्या बांधल्या, त्या वाऱ्याने गळाल्या आणि पुढच्या फेरीला अंदाजाने भलत्याच फांद्या मोजल्या गेल्या. बॉलपेनने लिहिलेली पानं दवाने पसरली. झाडाला क्रमांक दिला, पण बागेचा नकाशा काढलाच नाही. पहिल्याच आठवड्यात गाइडने बागेत उभं राहून वही चाळली तर या तिन्ही गोष्टी पंधरा मिनिटांत पकडल्या जातात: पत्र्याचा टॅग आणि तार, पेन्सिल, एका पानावर नकाशा. मार्चमध्ये आलेख पाहून शंका आली तरी उपाय उरत नाही, पुढच्या नोव्हेंबरची वाट पाहायची.

मुंबईच्या गाइडला हे अंतर थोडंफार भरून काढता येतं. रोज संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो तारीखवार सामायिक फोल्डरमध्ये टाकायचे. व्हॉट्सॲपवर नको, तिथं फोटो धूसर होतात आणि वर्षभराने सापडतही नाहीत. पहिल्या आठवड्यात एक व्हिडिओ कॉल बागेतूनच करायचा. तरी काही गोष्टी फोटोत येत नाहीत. जुलैच्या दमट हवेत दाबून ठेवलेल्या वनस्पतींचे कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी धरते, आणि कागद बदलले की नाही हे तिथं जाणाऱ्यालाच कळतं.

लांबचा गाइड कुठे सरस

साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र, दप्तरातले कागद, तयार आकडेवारी अशा विषयांत अंतराला फार किंमत देऊ नये. तिथं विषयाचा जाणकार हवा. कुठला प्रश्न आधीच चावून चोथा झालाय, हे जाणकार पहिल्या बैठकीत सांगतो. विषयाबाहेरचा जवळचा गाइड ते तिसऱ्या वर्षी, परीक्षकाच्या शेऱ्यातून शिकतो.

मात्र लांबून मार्गदर्शन करायचं तर शिस्त दुप्पट लागते. पंधरा दिवसांतून एकदा चाळीस मिनिटं ऑनलाइन आणि तीन महिन्यांतून एकदा समोरासमोर, एवढं पुरतं. मजकूर तीन दिवस आधी पाठवायचा. बैठक झाली की दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने पाच-सात ओळींचं टिपण मेल करायचं: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. गाइडने त्यावर नुसतं ‘ठीक’ लिहिलं तरी चालेल. वर्षभराने ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा वाद टळतो. आणि काहीच लिहून झालं नसलं तरी बैठक रद्द करू नका. जे रद्द करत जातात तेच पुढे फोन उचलेनासे होतात.

वाचनाचा क्रमही ठरलेला हवा. 25-30 पानांच्या प्रकरणाला दोन आठवडे द्यावेत. पहिल्या वाचनात फक्त मांडणी आणि युक्तिवाद, दुसऱ्यात आधार आणि तक्ते, शेवटी भाषा. अनेक गाइड पहिल्याच खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसतात. पान लाल होतं, विद्यार्थी खूश होतो, आणि महिन्याभराने ते अख्खं प्रकरणच काढावं लागतं.

मराठीत थिसिस लिहिणार असाल तर पहिल्या ओळीपासून युनिकोड. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप करून घेतलेली फाइल गाइडच्या संगणकावर उघडली की नुसती गिचमिड, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं व रफार घोटाळतात. शिवाय साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर मराठी म्हणून दिसतच नाही; आलेलं ‘शून्य टक्के’ फुकटचं समाधान. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्याला कारवाई नाही. 10 ते 40मध्ये सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, त्यापुढे वर्षभर सादर करता येत नाही, आणि 60च्या वर नोंदणीच रद्द. म्हणून तपासणी प्रकरणागणिक करावी, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

जोडीचा फायदा आणि जाच

कागदावर जोडी सगळ्यात चांगली. व्यवहारात विद्यार्थ्याचा पोस्टमन होतो: मॅडम म्हणतात नमुना वाढवा, सर म्हणतात पुरे. यावर उपाय एकच, सुरुवातीलाच एक पानाचं टिपण. क्षेत्रकाम कोण पाहणार, प्रकरण आधी कोण वाचणार, मतभेदात शेवटचा शब्द कुणाचा, शोधनिबंधावर नावं कुठल्या क्रमाने. तीन महिन्यांतून एक बैठक तिघांची, आणि मेल नेहमी दोघांनाही. सहमार्गदर्शकाला विद्यापीठाची रीतसर मान्यता घ्या. तोंडी ठरलेल्या सरांचं नाव थिसिसच्या मुखपृष्ठावर येत नाही, मग चार वर्षं बागा हिंडलेला माणूस दुखावतो.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात हा प्रश्न इतका टोकाचा होत नाही. तिथं प्रमुख मार्गदर्शकाबरोबर सल्लागार समिती असतेच.

होकार देण्याआधी

2022च्या यूजीसी नियमांत एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायककडे चार विद्यार्थी ही कमाल मर्यादा आहे. जागा रिकामी आहे का, एवढंच विचारून थांबू नका. सध्या किती जण लेखनाच्या टप्प्यावर आहेत, ते विचारा. तिघं एकदम सादर करणार असतील तर तुमचं प्रकरण दोन महिने टेबलावर पडून राहील.

मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना व 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथल्या अहवालात ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच लिहिण्याची रीत आहे, ती मोडावी. वादळात बाग पडली, परवानगी उशिरा मिळाली, जे असेल ते तारखेसह लिहावं. मुदतवाढ मागताना तोच कागद कामी येतो.

शेवटची चौकशी गाइडच्या निवृत्तीची. तीन वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण चार-पाच वर्षं उरलेल्यांना घेता येतो, आणि नोकरी सांभाळून करणाऱ्याला सहा वर्षं सहज लागतात. निवृत्तीनंतर त्यांना सहमार्गदर्शक म्हणूनच राहता येतं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंत. जन्मतारीख विचारायचा संकोच वाटत असेल तर ‘सर, माझी सहा वर्षं होईपर्यंत तुम्ही सेवेत असाल ना?’ एवढंच विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर दुसऱ्या मार्गदर्शकाचं नाव सिनॉप्सिसबरोबरच मंजुरीला पाठवा.