गिटहब ॲक्शन्स : बेळगावात बसून तीन सिस्टिमांची बिल्डं

वडगावच्या यंत्रमागवाल्यांसाठी मी साड्यांच्या बिलांचा प्रोग्राम लिहिते. एकाच बिलावर मराठीही हवं आणि कन्नडही. प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे, पॅकिंग पायइन्स्टॉलरनं, म्हणजे प्रोग्रामची थेट चालणारी एक फाइल बनवणाऱ्या साधनानं. त्यात विंडोजची फाइल विंडोजवरच बनते, मॅकची मॅकवरच. म्हणून दर आवृत्तीला पेनड्राइव्ह घेऊन टिळकवाडीला मावसभावाकडे जायचे आणि त्याचा मॅक मोकळा होईपर्यंत बसायचे. आता ते काम गिटहब ॲक्शन्स करतं, म्हणजे कोड ठेवायच्या गिटहब या साइटवरची आपोआप कामं करणारी सोय. कोडवर आवृत्तीची खूण (टॅग) लावून तो तिथं पाठवला की विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही फाइली (बिल्डं) आपोआप तयार होतात.

पण मला खरं मोल वाटतं ते टेस्टचं, म्हणजे प्रोग्राम तिन्ही सिस्टिमांवर आपोआप चालवून तपासण्याचं. पहिल्याच दिवशी विंडोजच्या रनरवर (गिटहबच्या मशीनवर) गिऱ्हाइकाचं देवनागरी नाव छापताना प्रोग्राम कोसळला. माझ्या लॅपटॉपवर हे कधीच झालं नव्हतं, कारण तिथं अक्षरं थेट स्क्रीनवर जात होती. रनरवर ती लॉगमध्ये गेली आणि पायथॉननं सीपी-१२५२ हे जुनं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरलं. त्यात देवनागरी नाहीच. ‘पायथॉन-यूटीएफ-८’ (PYTHONUTF8) हा व्हेरिएबल १ केला, फाइल उघडताना सगळीकडे यूटीएफ-८ हे सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग लिहिलं, तेव्हा सुटलं. लिनक्सवर कन्नडच्या जागी नुसते चौकोन आले, फाँटच नव्हता. गिऱ्हाइकाच्या मशीनवरही नसेल, म्हणून दोन्ही लिप्यांचे नोटो फाँट प्रोग्रामातच घातले.

एक चूक माझी. लिनक्सच्या रनरसाठी ‘उबुंटू-लेटेस्ट’, म्हणजे उबुंटू या लिनक्सची ताजी आवृत्ती, असं लिहून ठेवलं होतं. ते लेबल २२.०४ वरून २४.०४ वर गेलं, नवी जीलिबसी (लिनक्सवरच्या प्रोग्रामांना लागणारी मूळ लायब्ररी) आली आणि निपाणीच्या एका दुकानातल्या जुन्या उबुंटूवर माझी फाइल उघडेना. तेव्हापासून आवृत्तीचा आकडाच लिहिते, आणि चालेल तितकी जुनी घेते. ‘फेल-फास्ट’ ही सेटिंगही बंद करा. नाहीतर विंडोज पडलं की मॅकचं कामही मध्येच थांबतं आणि तिथली चूक दिसायची राहते.

खर्चाचं म्हणाल तर सार्वजनिक रेपोला, म्हणजे गिटहबवर सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडला, साधे रनर फुकट. माझा रेपो खासगी होता तेव्हा महिन्याला २,००० मिनिटं फुकट मिळायची, पण मॅकचं एक मिनिट दहा धरलं जायचं. आठ मिनिटांच्या बिल्डला ८० गेली की ते परवडत नाही. मी कोड खुला केला.

गेल्या महिन्यात खासबागच्या एका व्यापाऱ्याला बिलात सवलतीचा रकाना हवा होता. रात्री दहाला टॅग लावला. सकाळी त्यानं फाइल उतरवून पहिलं बिल छापलं आणि फोटो पाठवला. कन्नड जोडाक्षरं जशीच्या तशी होती.