किसुमूतली पाणी-प्रकल्पावरची इंटर्नशिप : काही महिन्यांच्या कामानंतरचं मत

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू आहे. आजूबाजूच्या खेड्यांत पाणी शुद्धीकरणाचं काम करणाऱ्या, मूळ नोंदणी ब्रिटनमध्ये असलेल्या एका छोट्या धर्मादाय संस्थेतल्या इंटर्नशिपबद्दल हे लिहिलं आहे. संस्थेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण यातलं बरंचसं अशा कुठल्याही संस्थेला लागू पडतं. एमएसडब्ल्यू, सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र किंवा पर्यावरण शिकणाऱ्यांनी जरूर विचार करावा. पण एका अटीवर: तुमच्या हातून नेमकं काय तयार होणार, हे निघण्याआधी कागदावर असलं पाहिजे. ‘येऊन मदत करा’ एवढंच पत्रात असेल तर तो पदरमोड करून केलेला प्रवास ठरतो, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या डोक्याला एक जादा काम.

संस्था निवडताना मधल्या कंपन्यांच्या चकचकीत पानांवर जाऊ नका. इंग्लंड-वेल्समधल्या संस्थेची माहिती तिथल्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत फुकट मिळते: विश्वस्त कोण, उत्पन्न-खर्च किती, हिशेब वेळेवर भरले की नाही. केनियातली नोंदणी वेगळी असते. तिथला पब्लिक बेनिफिट ऑर्गनायझेशन्स कायदा 2013 मध्ये झाला, पण अमलात आला 14 मे 2024 ला. म्हणून जुन्या एनजीओ कायद्याखालचं प्रमाणपत्र कोणी दाखवलं, तर नव्या कायद्याखाली पुढे काय केलं ते विचारा. प्लेसमेंट फी मागितली तर राहणं, जेवण, विमा आणि प्रत्यक्ष प्रकल्प असा फोडून हिशेब मागा. तो देताना समोरचा अडखळला तर तिथेच थांबा.

अनाथाश्रमात ‘मुलांना शिकवायला’ बोलावलं तर सरळ नाही म्हणा. केनियाने 2017 मध्येच अशा नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण धरलं. अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पैसे देणारे पाहुणे येत राहिले की मुलं तिथेच ठेवण्यात कोणाचा तरी फायदा होतो. दर दोन महिन्यांनी नवा ताई-दादा येऊन लळा लावून जातो, ते नुकसान वेगळंच.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ परवानगीचा होतो. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायचा इलेक्ट्रॉनिक प्रवेश-परवाना, सुरू केला. तो ऑनलाइन पटकन मिळतो म्हणून त्यावरच कामाला लागणारे खूप दिसतात. पगार नसला तरी ते कामच, आणि त्यासाठी इंटर्नशिपचा वेगळा पास लागतो. अर्जाची जुळवाजुळव यजमान संस्थेने करायची असते, त्यामुळे संस्था ढिली असेल तर घोडं इथेच अडतं. ‘इकडे आल्यावर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते. पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढा, फी 500 रुपये. पाण्याच्या प्रकल्पातही शाळांना भेटी असतात, आणि जी संस्था हे प्रमाणपत्र मागत नाही ती मुलांच्या सुरक्षिततेबाबत किती गंभीर आहे ते कळतंच.

पीतज्वराची लस जायच्या आधी घ्यायची, पण तिची खरी गरज परतताना पडते. केनियाहून भारतात उतरताना वैध प्रमाणपत्र नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची. बऱ्याच केंद्रांत ती ठरावीक वारीच मिळते. घेतल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरिया कमी, त्यामुळे नैरोबीला राहून आलेला मित्र ‘गोळ्या कशाला’ म्हणतो. किसुमूत त्याचं ऐकू नका, सरोवराकाठी मलेरिया जोरात असतो. डॉक्टरांनी मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन दिली तर ती जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि परत आल्यावर 4 आठवडे चालू ठेवायची असते. बहुतेक जण हा शेवटचा भाग गाळतात. गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. उन्हात त्वचाही लवकर भाजते, त्यामुळे टोपी आणि लांब बाह्या हव्यातच. सरोवरात पोहायचा मोह टाळा. बिल्हार्झिया या आजाराचे जंतू पाण्यातून थेट त्वचेत शिरतात.

आता काम. पश्चिम केनियात विहिरी-झऱ्यांपाशी क्लोरीनची टाकी खांबावर बसवलेली दिसते. झडप एकदा फिरवली की साधारण 3 मिलिलिटर द्रावण पडतं, ते 20 लिटरच्या कॅनला पुरतं. आधी क्लोरीन आणि मग वरून पाणी, म्हणजे ढवळावं लागत नाही. पुढे 30 मिनिटं थांबायचं. ऐकायला सोपं आहे. घरातल्या पाण्यात क्लोरीन खरंच सापडतं का, हे मोजणं मात्र किचकट, आणि इंटर्नचा खरा उपयोग तिथे.

चाचणी डीपीडीची, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या रसायनाची. नळीत 10 मिलिलिटर नमुना, त्यात गोळी किंवा पूड, मग गुलाबी रंग तक्त्याशी ताडायचा. लिटरला 0.2 मिलिग्रॅमहून कमी मुक्त क्लोरीन निघालं तर ते पाणी सुरक्षित धरत नाहीत. चुका कुठे होतात? गोळी बोटाने धरली की बोटावरची घाण वाचनात उतरते. पूड टाकून मिनिटाभरात वाचलं नाही तर रंग गडद होत जातो आणि आकडा फुगतो. नळी नीट विसळली नाही तर आधीच्या घराचा क्लोरीन पुढच्या घरात सापडतो. आणि क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग चमकून उडून जातो. नवखा माणूस तिथे शून्य लिहितो. अशी शंका आली तर नमुना क्लोरीन नसलेल्या स्वच्छ पाण्यात पातळ करून पुन्हा तपासायचा.

घरची बाई ‘आज सकाळीच टाकलं’ म्हणते आणि नळी पांढरीच राहते, तेव्हा तिला खोटं ठरवायची घाई नको. मार्च ते मेच्या मोठ्या पावसात लोक पत्र्यावरून पडणारं पाणी साठवतात, ते टाकीपाशी येतच नाही. कॅनमधलं पाणी दोन-तीन दिवसांचं असू शकतं. आणि पिण्याचं पाणी बऱ्याच घरांत मातीच्या माठात ओतून ठेवतात, तिथे मातीच क्लोरीन खाते. थंड पाण्यासाठी माठ हवाच, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. म्हणून फॉर्ममध्ये ‘पाणी कशात साठवलं आहे’ आणि ‘किती वेळापूर्वी भरलं’ हे दोन प्रश्न नसतील तर बाकीचा आकडा वाचण्यात अर्थ नाही. क्रमही महत्त्वाचा. आधी ‘लहान मुलाला आत्ता प्यायला द्याल ते पाणी द्या’ म्हणून नमुना घ्यायचा आणि क्लोरीनचा प्रश्न नंतर विचारायचा. उलट केलं तर पाहुण्याला बरं वाटावं म्हणून उत्तर ‘हो’च येतं. गावातला टाकी सांभाळणारा स्वयंसेवक बरोबर असेल तर ‘हो’ आणखी वाढतात, त्यामुळे त्याला पाणवठ्यापाशीच थांबवायचं.

फॉर्म कोबो टूलबॉक्सवर, म्हणजे फोनवर सर्वेक्षण भरून घेण्याच्या साधनावर. एक्सेलमध्ये सर्व्हे आणि चॉइसेस अशी दोन पानं लिहून चढवायची. कन्स्ट्रेंट (उत्तरावरची मर्यादा) घालून क्लोरीनचा आकडा तुमच्या किटच्या मर्यादेबाहेर जाऊ देऊ नका. घराला क्रमांक हवा, नावावर विसंबून चालत नाही. इथल्या लुओ समाजात जन्मवेळेवरून नाव ठेवतात: रात्री जन्मलेला ओतिएनो, सकाळचा ओन्यांगो, भर दुपारची अचिएंग. एका गावात चार अचिएंग सहज निघतात. सर्वेक्षण चालू असताना फॉर्म बदलू नका. निम्म्या फोनवर जुनी आवृत्ती राहते आणि शेवटी दोन वेगळ्या रकान्यांत एकच उत्तर येतं. बदलावाच लागला तर आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे भरलेले फॉर्म पाठवून घ्या आणि मगच नवा उतरवा.

मुलाखती स्थानिक सर्वेक्षकांनीच घ्याव्यात. घरात भाषा धोलुओ, म्हणजे लुओ लोकांची, असते, स्वाहिलीही दुसरीच, आणि परदेशी चेहरा समोर बसला की घर देणग्यांच्या आशेने बोलायला लागतं. इंटर्नची जागा मागे: प्रशिक्षण, किटची तपासणी, रोज संध्याकाळी डेटा चाळणं. ज्यांना ‘लोकांत मिसळायचं’ आहे त्यांना हे निरस वाटेल. पण संस्थेला उपयोग याचाच होतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखंही हेच असतं.

वेळ ठरवताना एकदा खात्री करा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, त्यामुळे त्यातले ‘एक’ म्हणजे सकाळचे 7. गावप्रमुखाची भेट ‘तीन वाजता’ ठरली तर ती सकाळी 9 ला असू शकते.

पैशांसाठी एम-पेसाशिवाय, म्हणजे मोबाइल नंबरवरून पैसे पाठवण्याच्या सेवेशिवाय, गत्यंतर नाही. सिम पासपोर्टवर मिळतं. दुकानाचा टिल नंबर, संस्थांचा पेबिल नंबर आणि व्यक्तीचा फोन नंबर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेच्या खर्चाचा परतावा हवा असेल तर व्यक्तीला पाठवलेला मेसेज लेखापाल पावती म्हणून धरत नाही, टिल किंवा पेबिलवरच भरा. पैसे चुकीच्या नंबरवर गेले तर तो मेसेज लगेच 456 वर पाठवायचा. समोरच्याने पैसे काढायच्या आत पाठवला तरच उपयोग. घरची वीजही प्रीपेड असते: पैसे भरले की 20 अंकी टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. शनिवारी रात्री अंधारात ते टाइप करण्यापेक्षा आधीच भरून ठेवा.

जेवणाचा प्रश्न फारसा येत नाही. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा (पालेभाजी) सगळीकडे, चपाती आणि चहा तर घरच्यासारखाच. शहरात गुजराती दुकानं असल्याने डाळी-मसाले मिळतात, त्यामुळे कुकर घेतला तरी पुरे, गोडा मसाला मात्र बरोबर न्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा. 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे, बॅगेतल्या पिशव्या घरीच काढून ठेवा. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर (बऱ्याचदा ती आपली बजाज बॉक्सरच असते), हेल्मेटशिवाय बसू नका. मलेरियाइतकाच धोका रस्त्याचा आहे, आणि विम्यात दुचाकी वगळलेली नाही ना हे आधी वाचा.

हा डेटा प्रबंधात वापरायचा असेल तर संस्थेचा होकार पुरत नाही. केनियात संशोधनासाठी नाकोस्टी या सरकारी विज्ञान आयोगाचा परवाना, नैतिकता समितीची मान्यता आणि स्थानिक संस्थेशी संलग्नता लागते. हे काम संपल्यावर मागून मिळत नाही, म्हणून तुमच्या मार्गदर्शकांशी निघण्याआधीच बोला. श्रेयांकांसाठी विद्यापीठ तासांचा हिशेब मागतं, साधारण 30 तासांना 1 श्रेयांक. म्हणून हजेरीपत्रकावर दर आठवड्याला सही घ्या. शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या मागायला गेलात तर सही करणारा साहेब फील्डवर असतो.

निघताना कोबोचा प्रकल्प तुमच्या खात्यावरून संस्थेच्या खात्यावर हस्तांतरित करा आणि फोनमधल्या घरांच्या याद्या, जीपीएस नोंदी पुसा. केनियाचा डेटा संरक्षण कायदा 2019 चा आहे आणि त्या याद्यांत लोकांची नावं-ठिकाणं असतात. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात केनियाचं नाव सांगा. नाहीतर पावसाळ्यात आधी डेंग्यूच्या तपासण्या होत राहतात आणि फाल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार तेवढा वेळ देत नाही.