गणित-संगणकशास्त्राची बीएस्सी की बीसीए?

पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) झालं की बेळगाव जिल्ह्यात खानापूर-निपाणीकडच्या घराघरांत हा प्रश्न येतो. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत दोन्ही मिळतात.

खरा फरक गणितात आहे. बीसीएत, म्हणजे संगणक वापराच्या पदवीत, प्रोग्रामिंग, डेटाबेस, वेब जास्त, गणित कामापुरतं. बीएस्सीत कलन, रेषीय बीजगणित, गट सिद्धांत पुरते येतात. क्रमाने लावलेल्या 10 लाख नावांत द्विभाजन शोध (दर वेळी मधलं नाव बघून अर्धी यादी सोडायची) जास्तीत जास्त 20 तुलनांत नाव काढतो, हा प्रोग्राम दोघंही लिहितील. 2 चा 20 वा घात 10,48,576, म्हणून 20 पुरतात, हे सिद्ध करायची सवय बीएस्सीत लागते. ही सवय पुढं फार उपयोगी पडते.

कष्टही तिथंच. एप्सिलॉन-डेल्टाच्या (कलनातली सीमा काटेकोर दाखवण्याच्या) सिद्धता पाठ करणारे अडकतात, कारण प्रश्नातलं फल (फंक्शन) बदललं की पाठांतर कोसळतं. रोज एक सिद्धता वही मिटून लिहावी. मराठी शाळेतून आलेल्यांनी इंग्रजी संज्ञांची वही पहिल्याच महिन्यात करावी.

एमसीएची, म्हणजे बीसीएच्या पुढच्या पदव्युत्तर पदवीची, वाट दोन्हींकडून जाते.

लवकर नोकरी हवी, ॲप बनवण्यात रस आहे, किंवा पीयूसीला गणितच नव्हतं, तर बीसीए. गणितात एमएस्सी, बीएड करून गणित शिक्षक किंवा डेटा सायन्सचा पक्का पाया हवा असेल, तर बीएस्सीच घ्या.